पंडिता रमाबाई : शारदासदनाकडून प्रीतिसदनाकडे

बालविधवांच्या शिक्षणासाठी झटलेल्या विदुषी म्हणून पंडिता रमाबाई आपणांस परिचित आहेत. या घटकात त्यांच्या कार्याची एक कमी चर्चिली गेलेली बाजू आपण पाहणार आहोत. जिला शिकवून स्वावलंबी करण्याचे वय उलटून गेले आहे आणि जिला स्वतःचे म्हणावे असे कोणी उरलेले नाही, अशा वृद्धेचे काय करायचे? एकोणिसाव्या शतकातील सुधारणावादी लेखनात हा प्रश्न फारसा आढळत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत असे. दुष्काळाने त्यांची अन्नान्नदशा केली. प्रथम वडील गेले, पाठोपाठ आई. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी रमाबाईंनी एका अनोळखी बाईकडे भाकरीचा तुकडा मागून आणला. परंतु आईला तो गिळता आला नाही. तिरडी उचलण्यास माणसे पुरेनात, तेव्हा रमाबाई स्वतः पुढे झाल्या. उंची कमी असल्यामुळे तो भार त्यांना खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावा लागला. पुढील विवेचन वाचताना हा प्रसंग आपण ध्यानात ठेवावा.

त्यानंतरच्या घटना थोडक्यात पाहू. १८७८ मध्ये बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या कोलकात्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू व १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचे निधन झाले. वयाच्या २३ व्या वर्षी तान्ह्या मनोरमेसह त्या वैधव्यात आल्या. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ मध्ये वैद्यक शिकण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन व ग्रंथ लिहून त्यांनी निधी उभारला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू केले.

शारदासदनामागील विचार स्पष्ट होता : तरुण विधवेला विद्या द्यावी, म्हणजे ती आपल्या पायांवर उभी राहील. बोस्टनच्या देणगीदार मंडळाने दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन दिले, तेही याच आशेने. ही मदत फळ देणारी होती. वृद्धेच्या बाबतीत असे कोणते फळ दाखविता येणार?

त्या काळच्या मराठीकडे जरा पाहा. ‘बोडकी’, ‘आलवणातली’ हे शब्द विधवेचे मस्तक आणि वस्त्र सांगतात. त्यांमागची व्यक्ती त्यांत नाही. हात चालत तोवर ती घरातील स्वयंपाक आणि बाळंतपणे निस्तरी. हात थकले की माजघराचा कोपरा, नाहीतर काशीवास किंवा वृंदावन. रमाबाईंनी वृंदावनास जाऊन तेथील निराधार विधवांची स्थिती स्वतः पाहिली होती.

१८९६–९७ च्या दुष्काळाने त्यांच्या कार्याचे स्वरूप पालटले. मध्य हिंदुस्थानातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून त्यांनी उपाशी स्त्रियांना व मुलींना पुण्याजवळ केडगाव येथे आणले. हेच मुक्तिसदन. एका काळी तेथील संख्या २००० च्या घरात गेली. दुष्काळातून येणाऱ्यांत निवड कशी करणार? अंध आल्या, अपंग आल्या, वृद्धा आल्या. वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीतिसदन हा वेगळा विभाग झाला. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली जाई. शेती, गोठा, विणकाम, छापखाना ही कामे धडधाकट स्त्रिया करीत. देणग्या येतच, पण असे श्रम असल्यामुळे अशक्तांचा भार वाहणे अधिक शक्य झाले.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला ही नावे महत्त्वाची वाटतात. ‘शारदा’ म्हणजे विद्या. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांच्या विभागाला ‘कृपासदन’ म्हटले गेले; कृपेत देणारा वर असतो, घेणारा खाली. वृद्धांच्या वाट्याला मात्र ‘प्रीती’ आली. हा शब्द परतफेडीची अपेक्षा ठेवत नाही, आणि घेणाऱ्याला लहानही करीत नाही.

हे सारे निर्विवाद होते, असे मानू नका. धर्मप्रसाराच्या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार शारदासदनापासून दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुक्तिसदन तर उघडपणे ख्रिस्ती होते. तेथे आसरा मिळालेल्या स्त्रीला त्या वातावरणातच राहावे लागे. टीकाकारांचा हा आक्षेप विचारार्ह आहे. तथापि त्यांच्यापैकी किती जणांनी अशा वृद्धेसाठी दुसरे दार उघडले होते, हेही त्यासोबत विचारावे लागते.

अखेरच्या वर्षांत रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात गढल्या होत्या. त्याचे मुद्रण केडगावच्याच छापखान्यात झाले. कार्य जिच्या हाती सोपवायचे, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. आईवडील, भावंडे, पती आणि आता एकुलती मुलगी : रक्ताच्या नात्याचे जवळचे कोणी उरले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी रमाबाईंचे निधन झाले. तेथे त्यांना निरोप देण्यास मुक्तिसदनातील शेकडो स्त्रिया होत्या.