नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस

नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस (इ.स. १८५९ - इ.स. १९३६) हे मुंबईतील पारशी भूचुंबकशास्त्रज्ञ होते. कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक मानले जातात. १८९६ ते १९१९ या काळात त्यांनी हे पद सांभाळले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच चुंबकीय वेधांचे काम अलिबाग येथे हलवून त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळची नोंदमाला खंडित होण्यापासून वाचवली.

पार्श्वभूमी

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये खगोलीय वेध आणि वेळदर्शन यांसाठी स्थापन केली. चुंबकीय वेध १८४१ पासून सुरू झाले. ऑर्लेबार यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे यांनी येथे अनेक वर्षे काम केले, तर बाळशास्त्री जांभेकर यांचाही वेधशाळेच्या कामाशी संबंध होता. मूस यांच्या जन्मवर्षातच, सप्टेंबर १८५९ मध्ये, पृथ्वीवर फार मोठे चुंबकीय वादळ झाले. त्या वेळी कुलाब्यात क्षितिजसमांतर चुंबकीय घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद आहे. ती कोणत्याही स्वयंलेखी यंत्राने केलेली नसून माणसांनी डोळ्यांनी वाचून वहीत टिपलेली आहे. आजही त्या वादळाच्या अभ्यासात ही नोंद वापरली जाते.

शिक्षण व नेमणूक

मूस यांनी मुंबई इलाख्यात शिक्षण घेतल्यानंतर स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठातून विज्ञानाची पदवी मिळवली. पुढे ते एडिंबऱ्याच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मुंबईस परतल्यावर त्यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केले. चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर, १८९६ मध्ये, वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्यांच्या कारकिर्दीत कुलाब्यास मिल्न पद्धतीचा भूकंपमापकही बसवण्यात आला. तरी त्यांचे मुख्य कार्य चुंबकीय वेधांचेच राहिले.

वेध घेण्याची पद्धत

त्या काळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील बदल टांगलेल्या चुंबकावरून मोजले जात. दिक्पात मोजणारा चुंबक बारीक धाग्याला लोंबत असे. क्षितिजसमांतर घटकाचा चुंबक दोन धाग्यांवर तोललेला असे आणि ऊर्ध्व घटकाचा तराजूच्या दांडीप्रमाणे धारेवर टेकलेला असे. प्रत्येकावर छोटा आरसा बसवलेला होता. चुंबक जेवढ्या कोनातून वळे त्याच्या दुप्पट कोनातून परावर्तित किरण वळे, आणि त्याचा ठिपका घड्याळाच्या यंत्रणेने फिरणाऱ्या प्रकाशसंवेदी कागदावर रेषा उमटवी. कुलाब्यात ही छायालेखन पद्धत १८७० च्या दशकात रूढ झाली. सर्वसाधारण दिवशी टिपायचा बदल मुंबईच्या एकूण क्षेत्राच्या अगदी अल्प अंशाएवढा असल्याने जवळचे लोखंड, तापमानातील फरक किंवा जमिनीतून वाहणारा विद्युत्प्रवाह यांपैकी कशानेही नोंद दूषित होत असे.

ट्रामचा प्रश्न आणि अलिबाग

मुंबईत १८७४ पासून ट्राम चालत होती. परंतु ती घोड्यांची असल्याने वेधशाळेला तिचा उपद्रव नव्हता. विजेच्या ट्रामचे तसे नव्हते. तिला लागणारा एकदिश प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परततो. रूळ जमिनीपासून पूर्णपणे विलग नसल्यामुळे परतीचा काही प्रवाह मातीत झिरपतो आणि गाडी जसजशी वेग घेते वा थांबते तसतसा बदलत राहतो. टांगलेल्या चुंबकाला हे बदल आणि पृथ्वीच्या क्षेत्रातील बदल यांत भेद करता येत नाही. शहराला ट्राम हवी होती आणि ती अडवणे व्यवहार्य नव्हते. त्यामुळे वेधशाळेनेच जागा सोडणे हा मार्ग उरला.

मूस यांच्या पुढाकाराने मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, समुद्रकाठच्या अलिबाग गावी नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामासाठी पोरबंदरचा अचुंबकीय वालुकाश्म वापरला गेला. लोखंडी खिळे, बिजागऱ्या व कड्या टाळून तांबे-पितळेचे साहित्य घेतले गेले. स्वयंलेखी यंत्रांची खोली दुसऱ्या खोलीच्या आत बांधली असल्याने आतील तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहते.

मूस यांचा खरा दूरदर्शीपणा मात्र इमारतीपेक्षा वेळापत्रकात दिसतो. अलिबागचे वेध १९०४ मध्ये सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच बंद केले गेले नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. या दुहेरी नोंदींवरून दोन ठिकाणांतील स्थानिक फरक निश्चित करता आला आणि जुनी माला नव्या मालेला जोडता आली. केवळ यंत्रे हलवली असती तर दोन तुटक माला उरल्या असत्या. मुंबईत विजेची पहिली ट्राम मे १९०७ मध्ये धावली.

ग्रंथ

१८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या मुंबईतील चुंबकीय वेधांचे संकलन व विवेचन मूस यांनी १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. वादळाच्या काळात क्षितिजसमांतर घटक सरासरीने आधी किंचित वाढतो, मग बराच घटतो आणि सावकाश पूर्वपदावर येतो, हे त्यांनी दीर्घ नोंदींच्या आधारे दाखवले. सिडनी चॅपमन व पुढील अभ्यासकांनी या विषयाची उभारणी करताना या कार्याची दखल घेतली. चुंबकीय वादळांची तीव्रता दर्शवणाऱ्या आजच्या निर्देशांकाच्या पूर्वेतिहासातही मूस यांचे नाव येते.

तंत्राचे आजचे रूप

मूस चुंबकाच्या स्थितीवरून क्षेत्र ओळखत. आज अनेक यंत्रांत याच्या उलट, क्षेत्रावरून चुंबकाची स्थिती ओळखतात. चिप बनवण्याच्या कारखान्यांत सिलिकॉनच्या चकत्या वाहणारे पाट काही ठिकाणी चुंबकीय बलाने अधांतरी तोलून नेले जातात, कारण घर्षणातून सुटणारे सूक्ष्म कणही तेथे चालत नाहीत. केवळ स्थिर चुंबकांनी वस्तू स्थिरपणे अधांतरी राहू शकत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांच्या १८४२ मधील सिद्धांतावरून निघते. म्हणून पाटाची जागा सतत मोजून वेटोळ्यांतील प्रवाह बदलावा लागतो. ही मोजणी हॉल परिणामावर चालणाऱ्या संवेदकांनी केल्यास त्याच वेटोळ्यांचे क्षेत्र मोजणीत मिसळते. कुलाब्यातील अडचण याच जातीची होती, फक्त तेथे उपद्रवाच्या स्रोतापासून दूर जाणे शक्य होते. कारखान्यात स्रोत आणि मापक एकाच यंत्रात असल्याने आवरण घालून किंवा गणिताने वजा करून भागवावे लागते.

उत्तरकाळ

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले व १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. कुलाबा-अलिबागची नोंदमाला जगातील सर्वांत दीर्घ भूचुंबकीय मालांपैकी एक आहे. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली, आणि अलिबागची वेधशाळा तिच्या अखत्यारीत आजही कार्यरत आहे.