औंधचे चित्रकार राजे

विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅमेरा ही मोजक्याच हौशी माणसांजवळ असणारी वस्तु होती. आपल्या मुलुखांतील कलेची व लोकजीवनाची स्मृति जतन करावयाची, तर कोणी तरी पदरचा वेळ व पैसा खर्चून तें काम अंगावर घ्यावें लागे. सातारा व सांगली या आपल्या भागांत असें काम पोटासाठीं नव्हे, तर निव्वळ आवडीनें करणारा एक पुरुष होऊन गेला. तो कोणी साधा गृहस्थ नसून राजा होता. औंधचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचें हें अल्प चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजीं झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांचें उच्च शिक्षण झालें. गादीवर त्यांचा पहिला हक्क नव्हता. वडिलांच्या मागून वडील बंधु व नंतर पुतण्या यांची कारकीर्द होऊन १९०९ सालीं अधिकार त्यांच्याकडे आला. त्या वेळीं त्यांनीं वयाची चाळिशी ओलांडली होती. संस्थान अवघें ५०० चौरस मैलांचें व ७२ गांवांचें. तेंही सलग नव्हे. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे, तर आटपाडी व कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यांत मोडतात. माणदेशाचा मुलूख अवर्षणाचा असल्यानें उत्पन्नही बेताचेंच होतें.

अशा संस्थानाच्या राजानें कुंचला हातीं धरिला. रामायणावरील त्यांचीं चित्रें १९१६ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. ते स्वतः कीर्तन करीत व कथेंतील प्रसंग चित्रांनीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभे करीत. अजिंठ्याच्या भिंतींवरील रंग काळाच्या ओघांत नाहींसे होत चालले होते, म्हणून १९२७ सालीं चित्रकारांस बरोबर घेऊन त्यांनीं तेथील चित्रांच्या प्रतिकृति करविल्या. वेरूळ व अजिंठा या दोन्ही स्थानांवर त्यांनीं पुस्तकें लिहिलीं. १९३५ सालीं इंदूर येथें भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांजकडे होतें.

हा संग्रह त्यांनीं वाड्यांत कुलुपबंद ठेविला नाहीं. यमाईच्या डोंगरावर जाणाऱ्या वाटेवर त्यांनीं वस्तुसंग्रहालय बांधिलें व तें १९३८ सालीं खुलें झालें. राजा रविवर्मा व धुरंधर यांच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माता व बालक ही दगडी मूर्तिही तेथें आहे. देवीच्या दर्शनास निघालेल्या शेतकऱ्यासही उत्तम कला पाहावयास मिळावी, अशी सोय या जागेमुळें झाली.

परंतु ज्याला नीट पाहण्याची संवय लागते, त्याची दृष्टि चित्राच्या चौकटीशीं थांबत नाहीं. बेळगांवांतून जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांस त्यांनीं कुंडलजवळचें माळरान दिलें. तेथेंच १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसूं लागली. शाळांतून सूर्यनमस्कार सुरू झाले. पुढें वयाच्या सत्तराव्या वर्षीं त्यांनीं सर्वांत कठीण दान केलें. पुत्र आप्पासाहेब व पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्यानें आणि महात्मा गांधींच्या सल्ल्यानें तयार झालेली राज्यघटना जानेवारी १९३९ मध्यें अमलांत आली. गांवांनीं आपली पंचायत निवडावी, पंचायतींवर तालुक्याचा व त्यावर संस्थानाचा कारभार उभा राहावा, अशी ती योजना होती. राजे लोक अधिकारासाठीं झगडत असतां या राजानें तो आपण होऊन खालीं उतरविला. त्याच वर्षीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंतींवांचूनची वसाहत निघाली. तेथें बंदिवान शेती करून राहूं लागले. याच प्रयोगावरून स्फूर्ति घेऊन १९५७ सालीं 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. त्याची कथा याच संस्थानांत वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांची.

हा प्रयोग फार काळ टिकला नाहीं. ८ मार्च १९४८ रोजीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ रोजीं निवर्तले. मात्र त्या मातींत दुसरें पीक आलें. ग. दिं.चे धाकटे बंधु व्यंकटेश यांनीं १९४९ सालीं 'माणदेशी माणसें' या पुस्तकांत त्या मुलुखांतील सामान्य जनांचीं शब्दचित्रें रेखाटलीं.

राजाची सत्ता गेली, गादी गेली. संग्रहालय मात्र आजही यमाईच्या वाटेवर उभें आहे. आपल्या गांवांतील जुने फोटो, जुन्या वह्या, वृद्धांच्या आठवणी वाळवीच्या व विस्मृतीच्या तोंडीं जात असतां हें चरित्र आपणांस एवढेंच शिकवितें कीं, आवडीनें पाहावें, जपून ठेवावें आणि जें जपलें तें सर्वांस मोकळें करावें.