हवेला शिस्त लावणारा माणूस

मित्रांनो, सायक्रोमेट्रिक चार्ट म्हटलं की मेकॅनिकलच्या पोरांच्या पोटात गोळा येतो. माझ्याही यायचा. पण विलिस कॅरिअरचं चरित्र वाचलं आणि त्या रेघांमागचा माणूस दिसायला लागला.

त्याचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावचा. घरची शेती. अपूर्णांक डोक्यात शिरेनात, तेव्हा आईने सफरचंदं कापून शिकवले. पुढे १९०१ मध्ये कॉर्नेलची पदवी घेऊन तो बफेलो फोर्ज कंपनीत लागला. तिथे ब्रुकलिनच्या एका छापखान्याची अडचण आली. दमट हवेत कागद फुगायचा, मग आकसायचा आणि रंगावर रंग बसायचा नाही. १९०२ मध्ये कॅरिअरने थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा खेळवून ती कोरडी केली. म्हणजे एसीचा जन्म माणसाच्या नव्हे, कागदाच्या सोयीसाठी झाला! १९०६ मध्ये पेटंट, १९११ मध्ये हवेतल्या ओलाव्याची सूत्रं.

मग महायुद्ध आलं आणि कंपनीने हा विभागच गुंडाळला. दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. कॅरिअर आणि सहा साथीदारांनी १९१५ मध्ये ३२,६०० डॉलर जमवून स्वतःची कंपनी काढली. १९२५ मध्ये न्यूयॉर्कचं रिव्होली थिएटर थंड झालं आणि लोकांना एसीची चटक लागली. १९२८ मध्ये घरासाठी यंत्र आलं, पण लगेच मंदी आली. घरोघरी एसी पोचण्याआधीच, १९५० मध्ये तो गेला.

आता घर बांधताना सेंट्रल की स्प्लिट, हा वाद आपल्या मेसमध्येही रंगतो. मला वाटतं, उत्तर कॅरिअरच्या पद्धतीत आहे: आधी गरज मोजा. अमेरिकेत बऱ्याच घरांत गरम हवेचे डक्ट आधीपासून होते, सेंट्रल तिथे सहज बसलं. आपल्याकडे डक्ट नाहीत आणि रात्री एकच खोली थंड करायची असते. मग डक्टमधून गारवा गळू देऊन सगळं घर कशाला थंड करायचं? तिथे स्प्लिटच बरा. मात्र सगळ्या खोल्या दिवसभर वापरात असतील, ताजी हवाही हवी असेल, तर सेंट्रलचा विचार जरूर करावा.

तेव्हा दोस्तहो, मशिन नंतर निवडा, आधी चार्ट उघडा. तो दिसतो तितका वाईट नाही!