आल्फ्रेड ब्यूखी

टर्बो-यंत्राचे जनक आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे १८७९ साली झाला. एंजिनातून व्यर्थ जाणाऱ्या तप्त धुराने चक्र फिरवावे, त्या चक्राच्या बळाने एंजिनात अधिक हवा दाबून भरावी, म्हणजे लहान एंजिनही अधिक शक्ती देईल, ही त्यांची युक्ती. तिचे पेटंट त्यांनी १९०५ साली घेतले. परंतु आरंभीचे यंत्र भरवशाचे ठरले नाही. तरी त्यांनी ध्यास सोडला नाही. १९२५ साली जहाजांकरिता बांधलेल्या डीझेल एंजिनाची शक्ती या योजनेने १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. १९५९ साली ते निवर्तले. आज लहानशी मोटार मोठीचा वेग दाखविते, ती बहुधा याच युक्तीने. विद्यार्थिमित्रहो, एका अपयशाने पुस्तक मिटण्यापूर्वी ही वीस वर्षे आठवावीत, असे आम्हांस वाटते.