जमशेटजींचा ‘ताज’ आणि नावाची पुण्याई

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांच्या श्रद्धेचा विषय आहे. महाराष्ट्र त्याला ‘नरसी नामदेव’ या जोडनावानेच ओळखतो. हे नाव कोणा सल्लागाराने सुचविलेले नाही. लोकांनी ते प्रेमाने उच्चारले आणि ते रुळले. मोठ्या शहरांतील जुन्या, नामांकित हॉटेलांचे मात्र तसे नसते. मालकी बदलली, करार संपला किंवा कंपनीने आपल्या हॉटेलांची नवी वर्गवारी केली, की दारावरची पाटी बदलते. लोक मात्र जुनेच नाव घेत राहतात आणि नव्या पाटीविषयी नापसंतीही बोलून दाखवितात. ज्या वास्तूत आपण कधी पाऊल ठेवले नाही, तिच्या नावाविषयी एवढा जिव्हाळा का वाटावा? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर मुंबईचा ‘ताज’ उभारणाऱ्या जमशेटजी नसरवानजी टाटा यांच्या चरित्राकडे वळावे लागते. या उद्योगपुरुषाने आयुष्यात अनेक नावे दिली, एक नाव बदलले आणि आपले स्वतःचे नाव मात्र सहसा पुढे केले नाही.

नवसारी ते नागपूर

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी बडोदे संस्थानातील नवसारी येथे झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. पौरोहित्याची परंपरा सोडून व्यापारात उतरलेले त्यांचे वडील नसरवानजी मुंबईत स्थिरावले होते. किशोरवयात जमशेटजीही मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण करून वडिलांच्या व्यवसायात दाखल झाले. पुढच्याच वर्षी ते व्यापारानिमित्त हाँगकाँगला गेले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला अभूतपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो तितक्याच वेगाने ओसरला. कित्येक पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही मोठा फटका बसला. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी तोंड लपविले नाही. धनकोंसमोर जाऊन खरी परिस्थिती मांडली आणि त्यांचा विश्वास टिकविला. पत ही रकमेपेक्षा मोठी असते, हा धडा त्यांना ऐन तारुण्यात मिळाला. १८६८ मध्ये अवघ्या २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी सुरू केली.

पुढे कापड गिरणी काढण्याचा निर्णय झाला, तेव्हा साऱ्यांनी मुंबईकडे बोट दाखविले. जमशेटजींनी नागपूर निवडले. कापूस पिकतो तिथेच सूत निघावे, हा विचार त्यामागे होता. रेल्वे तेथवर पोहोचली होती आणि वरोऱ्याचा कोळसाही हाताशी होता. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढण्यात पैसा ओतणाऱ्या या माणसाला त्या काळी अनेकांनी वेड्यात काढले. १८७४ मध्ये ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव ‘एम्प्रेस’ ठेवले गेले. कंपनीचे लांबलचक नाव कागदोपत्रीच राहिले. नागपूरकरांच्या तोंडी बसली ती ‘एम्प्रेस मिल’.

नाव सम्राज्ञीचे असले, तरी ते टिकले कामगारांमुळे. हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनासाठी निधी, १८९५ मध्ये अपघातग्रस्त कामगारांना भरपाई, अशा सोयी या गिरणीत कायदे होण्याच्या कितीतरी आधी सुरू झाल्या. नागपुरातील हजारो कुटुंबांसाठी एम्प्रेस हे घरच्या चुलीशी जोडलेले नाव झाले.

‘स्वदेशी’चे नामांतर

जमशेटजींनी स्वतः केलेले एक नामांतरही अभ्यासण्यासारखे आहे. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी मिल विकत घेतली आणि तिला ‘स्वदेशी मिल’ असे नाव दिले. वंगभंगानंतरची स्वदेशीची चळवळ तेव्हा सुमारे दोन दशके दूर होती. त्या अर्थाने हे नाव काळाच्या पुढचे होते. पण नवे नाव मिळाल्याने जुनी यंत्रे सुधारली नाहीत. गिरणी तोट्यात गेली, समभागांचे भाव कोसळले आणि टाटांच्या पतीविषयीच कुजबूज सुरू झाली. जमशेटजींनी मग स्वतःचा पैसा घातला, नागपूरहून अनुभवी माणसे आणली, यंत्रसामग्री बदलली आणि काही वर्षांच्या मेहनतीनंतर गिरणी मार्गी लावली. तेव्हा कोठे ‘स्वदेशी’ हे नाव सार्थ झाले. पाटी बदलणे हे एका दिवसाचे काम असते. त्या पाटीला अर्थ देण्यासाठी वर्षे खर्ची घालावी लागतात.

बंदराकाठचा ‘ताज’

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत हॉटेलांचा अभाव नव्हता. काळा घोड्याजवळचे वॉटसन्स हॉटेल तर शहराचे भूषण मानले जाई. जॉन वॉटसन याने ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमधून तयार करून आणला आणि तो येथे जोडून ही इमारत उभी केली होती. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला. जमशेटजींना येथे हिंदी म्हणून प्रवेश नाकारण्यात आला आणि त्या अपमानातून ‘ताज’ जन्मला, ही कथा घरोघर सांगितली जाते. अभ्यासक तिच्या सत्यतेविषयी साशंक आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्या शहराविषयी जगाचा विश्वास पुन्हा बसावा आणि येथे येणाऱ्या पाहुण्याला उत्तम निवारा मिळावा, ही तळमळ त्यामागे असल्याचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तरीही अपमानाची कथा लोकांनी सोडली नाही, यातच या वास्तूशी जडलेल्या स्वाभिमानाची खूण आहे.

घरच्या मंडळींना ही कल्पना सहजासहजी रुचली नव्हती. गिरण्या, पोलाद आणि विज्ञान संस्था यांची स्वप्ने पाहणारा भाऊ आता भटारखाना काढणार का, असे म्हणून त्यांच्या भगिनीने चेष्टा केल्याचे चरित्रकार नमूद करतात. जमशेटजी मात्र ठाम होते. वास्तूचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. या वास्तूच्या कल्पनेत एका मराठी वास्तुविशारदाचा मोठा वाटा होता, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. काम पूर्ण होण्यापूर्वीच वैद्य निवर्तले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेले. वास्तू उलटी बांधली गेली म्हणून तिच्या रचनाकाराने जीव दिला, ही दुसरी लोकप्रिय कथा निखालस काल्पनिक आहे.

जमशेटजी स्वतः युरोपात फिरून सामान निवडीत होते. पॅरिसमध्ये पाहिलेल्या लोखंडी खांबांची त्यांनी मागणी नोंदविली आणि ते खांब ‘ताज’च्या दालनाला आधार देऊ लागले. विजेचे दिवे, उद्वाहने, तुर्की पद्धतीची स्नानगृहे, असा थाट मुंबईने पाहिला नव्हता. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल सुरू झाले, तेव्हा काम अद्याप अपुरे होते आणि आलेले पाहुणे जेमतेम सतरा होते. गेटवे ऑफ इंडिया उभे राहायला अजून दोन दशके होती. समुद्रातून येणाऱ्या प्रवाशाला मुंबईची पहिली ओळख हा घुमटच करून देई.

नावाच्या निवडीतही जमशेटजींची दृष्टी दिसते. त्या काळी नामांकित हॉटेलांना मालकाचे किंवा विलायती थाटाचे नाव देण्याची रीत होती. त्यांनी ना स्वतःचे नाव दिले, ना राजघराण्यातील कोणाचे. हिंदुस्थानातील प्रत्येकाला ठाऊक असलेले, उच्चारायला सोपे आणि इथल्याच मातीतले नाव त्यांनी निवडले. लोकांनी त्याचे दोनच अक्षरांत रूपांतर केले : ताज.

मागे उरलेले नाव

हॉटेल सुरू झाल्यावर जमशेटजींना फार दिवस लाभले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथील दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. पोलादाचा कारखाना आणि विज्ञान संस्था त्यांना पाहता आल्या नाहीत. पण जिवंतपणी ज्याने स्वतःचे नाव पुढे केले नाही, त्याचे नाव पुढे लोकांनी आणि राज्यकर्त्यांनीच लावले. साकची येथे वसलेल्या पोलादनगरीला १९१९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी ‘जमशेदपूर’ हे नाव दिले आणि कालीमाटी स्थानकाचे ‘टाटानगर’ झाले. साकची हे नाव मात्र पुसले गेले नाही. त्या शहराचा एक भाग आजही तेच नाव मिरवितो. बंगळुरूची १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था अधिकृत नावात टाटांचा उल्लेखही करीत नाही, तरी जुने बंगळुरूकर तिला ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतात.

याच्या उलट दोन उदाहरणे मन विषण्ण करणारी आहेत. वॉटसन्स हॉटेल बंद पडले, वास्तूचे नाव बदलत बदलत ‘एस्प्लनेड मॅन्शन’ झाले, आत भाडेकरूंची दाटी झाली आणि लोखंडी सांगाडा गंजत गेला. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. त्याच वर्षी जगातील धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत तिची नोंद झाली. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करण्यात आली. तिकडे नागपुरात एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली आणि कामगार उघड्यावर पडले. तिच्या जागेवर ‘एम्प्रेस’ याच नावाने व्यापारी संकुल उभे राहिले. मुंबईत वास्तू राहिली, पण नाव व निगा दोन्ही गेली. नागपुरात नाव राहिले, पण ज्यांच्या घामामुळे ते मोठे झाले ती माणसे गेली.

पाटी बदलली तरी

‘ताज’च्या नावातही बदल झाले आहेत. शेजारच्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी १९७३ मध्ये उंच मनोरा उभा राहिला आणि पुढे जोडवास्तूला ‘ताजमहाल पॅलेस अँड टॉवर’ म्हटले जाऊ लागले. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जुन्या वास्तूची अपरिमित हानी झाली. पाहुण्यांना वाचविताना कर्मचाऱ्यांनी प्राण गमावले. १५ ऑगस्ट २०१० रोजी ती वास्तू ‘ताजमहाल पॅलेस’ या नावाने पूर्ववत सुरू झाली. या बदलावर फारशी नाराजी उमटली नाही, कारण लोकांचा ‘ताज’ त्यात अबाधित होता. २०१७ मध्ये या वास्तूच्या रूपाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. एखाद्या इमारतीला असे संरक्षण मिळण्याची भारतातील ती पहिलीच वेळ.

इतर ठिकाणी मात्र लोकांनी नव्या पाट्या मनावर घेतल्या नाहीत. नरिमन पॉइंटवरील ‘ओबेरॉय टॉवर्स’ २००४ मध्ये ‘हिल्टन टॉवर्स’ झाले आणि २००८ मध्ये ‘ट्रायडंट’. जुन्या टॅक्सीचालकाला मात्र ‘ओबेरॉय’ म्हटले की पुरते. कोरेगाव पार्कच्या ‘ब्लू डायमंड’च्या मागेपुढे किती शब्द जोडले आणि काढले गेले, पुणेकर ते ‘ब्लू डायमंड’च म्हणत राहिले. कफ परेडच्या ‘प्रेसिडेंट’चेही तेच. लोकांची ही नापसंती क्वचितच मोर्चातून किंवा निवेदनातून व्यक्त होते. ती रोजच्या बोलण्यातून, पत्ता सांगताना व्यक्त होते.

हिंगोली, कळमनुरी किंवा वसमतहून मुंबई पाहायला गेलेला शेतकरी गेटवेसमोर उभा राहून ‘ताज’सह छायाचित्र काढून घेतो. आत जाण्याचा विचारही त्याच्या मनात येत नाही. तरीही २००८ च्या त्या तीन रात्री घुमटातून उठणारा धूर दूरचित्रवाणीवर पाहताना त्याला तो घरचाच वाटला. व्यवहारात हॉटेल मालकाचे असते आणि नाव बदलण्याचा अधिकारही त्याचाच, हे मान्य केले तरी नावाची पुण्याई एकट्या मालकाने कमावलेली नसते. ती कारागिरांनी, कर्मचाऱ्यांनी आणि दुरून पाहणाऱ्या लाखोंनी मिळून साठविलेली असते. नामांतर करताना या भागीदारांची आठवण ठेवणे हे सौजन्य तर आहेच, शिवाय व्यवहारचातुर्यही आहे. जमशेटजींनी ‘स्वदेशी’ हे नाव देताना त्या नावाची किंमत स्वतःच्या पैशाने आणि श्रमाने चुकती केली होती. जुन्या वास्तूंना नवी नावे देणाऱ्यांनी तेवढी तयारी ठेवली, तर लोकही नवे नाव उच्चारायला शिकतील.