कापड दुकानदाराने विणलेली साखळी

शनिवारची संध्याकाळ झाली की मुंबई-पुण्यातील कितीतरी घरांत दूरचित्रवाणीवर इंग्लंडमधील फुटबॉलची मैदाने उजळतात. कोणता संघ कोणाशी, कधी आणि कोणाच्या मैदानावर खेळणार, हे महिनोन्महिने आधी ठरलेले असते. प्रत्येक विजयाची नोंद गुणतक्त्यात होते आणि मोसमाच्या अखेरीस त्या तक्त्यावरून विजेता ठरतो. ही व्यवस्था आज इतकी अंगवळणी पडली आहे की, कोणा एकाला ती सुचावी लागली असेल, असे मनातही येत नाही. प्रत्यक्षात ती सुचली बर्मिंगहॅममधील एका कापड दुकानदाराला. विल्यम मॅकग्रेगर हे त्यांचे नाव. खेळाडू म्हणून त्यांनी नाव कमावले नाही, पण जगातील पहिली राष्ट्रीय फुटबॉल साखळी त्यांच्याच प्रयत्नांतून उभी राहिली.

मॅकग्रेगर यांचा जन्म १८४६ साली स्कॉटलंडमधील पर्थशायर परगण्यातल्या ब्रॅको या लहानशा गावी झाला. पर्थ शहरात त्यांनी कापडाच्या धंद्यात उमेदवारी केली. १८७०च्या सुमारास थोरल्या भावाच्या पाठोपाठ ते बर्मिंगहॅमला आले आणि अ‍ॅस्टन भागातील समर लेन येथे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. बर्मिंगहॅम हे त्या काळी कारखान्यांचे शहर होते. शनिवारी दुपारी कामगारांना सुटी मिळू लागली होती आणि या मोकळ्या दुपारी फुटबॉलने हातपाय पसरायला सुरुवात केली होती.

मॅकग्रेगर धर्मनिष्ठ होते, मद्याला स्पर्श करीत नसत आणि राजकारणात लिबरल पक्षाचे पाठीराखे होते. व्यवहारात चोख आणि स्वभावाने मनमिळाऊ असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या दुकानात फुटबॉलचे कपडेही मिळू लागले आणि ती जागा हळूहळू फुटबॉलप्रेमींचा अड्डा बनली. अ‍ॅस्टन व्हिला हा क्लब तेथून जवळच होता. १८७४ मध्ये एका मेथडिस्ट चर्चशी संबंधित तरुणांनी तो स्थापन केला होता. जॉर्ज रॅम्से आणि आर्ची हंटर या स्कॉटिश खेळाडूंमुळे संघाच्या खेळाला स्कॉटलंडचे वळण लागले होते. छोट्या छोट्या पासवर आधारलेला हा खेळ आणि क्लबची चर्चशी असलेली जवळीक, या दोन्ही गोष्टी मॅकग्रेगर यांना भावल्या. १८७७ मध्ये ते क्लबच्या कारभारात सामील झाले आणि अखेरपर्यंत त्याचेच राहिले. क्लबच्या बोधचिन्हावरील मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह हीदेखील त्यांचीच देणगी मानली जाते. हा सिंह स्कॉटलंडच्या राजध्वजावरचा आहे.

पैसा आला, शिस्त आली नाही

१८८०च्या दशकात इंग्लिश फुटबॉलसमोर मोठा पेच उभा राहिला. लँकेशायरमधील क्लब स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणत आणि त्यांना चोरून पैसे देत. फुटबॉल असोसिएशनच्या नियमांत हे बसत नव्हते. वाद विकोपाला गेला आणि क्लब फुटून बाहेर पडण्याची भाषा करू लागले. अखेर जुलै १८८५ मध्ये असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली.

पण त्यातूनच दुसरी अडचण निर्माण झाली. खेळाडूंना आता दर आठवड्याला पगार द्यावा लागणार होता, उत्पन्नाचा मात्र काहीच भरवसा नव्हता. एफए कप आणि स्थानिक करंडक स्पर्धा बाद पद्धतीच्या होत्या. एक पराभव झाला की संघ बाहेर. उरलेला मोसम मैत्रीपूर्ण सामन्यांवर काढावा लागे आणि या सामन्यांना काही बंधनच नव्हते. समोरच्या संघाचा करंडकाचा सामना त्याच दिवशी निघाला की ठरलेली लढत ऐनवेळी रद्द होई. कधी संघ उशिरा येई, कधी दुय्यम खेळाडू घेऊन येई. पैसे खर्चून मैदानावर आलेला प्रेक्षक हिरमुसला होऊन परते आणि पुढच्या वेळी घरीच बसे.

अ‍ॅस्टन व्हिलालाही याचा फटका बसत होता. १८८७ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला हरवून व्हिलाने एफए कप प्रथमच जिंकला. पण लगेच पुढच्या मोसमात, जानेवारी १८८८ मध्ये, पेरी बारच्या मैदानावर प्रेस्टन नॉर्थ एंडकडून पराभूत होऊन संघ स्पर्धेबाहेर फेकला गेला. त्या सामन्याला गर्दी इतकी लोटली की प्रेक्षक मैदानात घुसले. हजारो लोक सामना पाहायला येण्यास तयार होते, परंतु त्यांच्यापुढे नियमितपणे ठेवायला अर्थपूर्ण सामने नव्हते. हा विरोधाभास मॅकग्रेगर यांच्यातील व्यापाऱ्याने अचूक हेरला.

एक पत्र आणि दोन बैठका

२ मार्च १८८८ रोजी त्यांनी काही प्रमुख क्लबांना पत्र पाठवले. ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, प्रेस्टन नॉर्थ एंड आणि वेस्ट ब्रॉमविच अल्बियन हे त्यांत होते. अ‍ॅस्टन व्हिलाच्या चिटणिसांनाही पत्राची प्रत गेली. सूचना साधी होती. निवडक मातब्बर क्लबांनी एकत्र यावे, दर मोसमात प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळावे, एकदा स्वतःच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, आणि ठरलेला सामना कोणत्याही कारणाने टाळू नये. क्रिकेटमध्ये परगण्यांचे संघ ज्या रीतीने आपसांत सामने ठरवीत, ते उदाहरण त्यांच्यासमोर होते.

मार्चमध्येच, एफए कपच्या अंतिम सामन्याच्या तोंडावर, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील अँडरटन्स हॉटेलात पहिली बैठक झाली. १७ एप्रिल १८८८ रोजी मँचेस्टरच्या रॉयल हॉटेलातील बैठकीत संघटनेची रीतसर स्थापना झाली. नावाबाबत मात्र मॅकग्रेगर यांचे चालले नाही. त्यांना असोसिएशन फुटबॉल युनियन हे नाव हवे होते, पण ते रग्बीच्या संघटनेच्या नावाच्या फार जवळ जात होते. प्रेस्टनचे विल्यम सडेल यांनी फुटबॉल लीग हे नाव सुचवले. आयर्लंडमधील लँड लीगच्या चळवळीमुळे लीग या शब्दाला तेव्हा राजकीय वास होता, म्हणून मॅकग्रेगर यांना तो रुचत नव्हता. तरीही त्यांनी बहुमत स्वीकारले. त्यांनी नापसंत केलेला हा शब्द पुढे जगभर रूढ झाला.

मोसमात फक्त २२ दिवस मोकळे सापडत होते, म्हणून सभासदांची संख्या १२ ठरली. लँकेशायरचे सहा क्लब होते: अ‍ॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स, बोल्टन वाँडरर्स, बर्नली, एव्हर्टन आणि प्रेस्टन नॉर्थ एंड. मध्य इंग्लंडचेही सहाच होते: अ‍ॅस्टन व्हिला, डर्बी काउंटी, नॉट्स काउंटी, स्टोक, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन आणि वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स. हौशी खेळाचा अभिमान बाळगणाऱ्या दक्षिणेतून एकही क्लब नव्हता. प्रत्येक संघाने पूर्ण ताकदीनिशी खेळलेच पाहिजे, असा नियम झाला. संघटनेच्या अध्यक्षपदी मॅकग्रेगर यांचीच निवड झाली.

८ सप्टेंबर १८८८ रोजी पहिले सामने झाले. गुण कसे मोजायचे हेही तोवर पक्के ठरले नव्हते. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण, हा निर्णय मोसम सुरू झाल्यावर नोव्हेंबरमध्ये झाला. प्रेस्टनने २२ पैकी १८ सामने जिंकले, चार बरोबरीत सोडवले आणि एकही न गमावता ४० गुणांसह पहिले विजेतेपद पटकावले. मॅकग्रेगर यांचा व्हिला २९ गुणांसह दुसरा आला.

यशाची किंमत

लीगची कल्पना यशस्वी होण्यास वेळ लागला नाही. १८९२ मध्ये फुटबॉल अलायन्स ही प्रतिस्पर्धी संघटना लीगमध्ये विलीन झाली आणि पहिला व दुसरा असे विभाग अस्तित्वात आले. १८९३ मध्ये वुलविच आर्सेनलच्या रूपाने दक्षिणेतील पहिला क्लब आत आला. अ‍ॅस्टन व्हिलाने १८९४ ते १९०० या काळात पाच वेळा लीग जिंकली. १८९७ मध्ये लीग आणि कप असे दुहेरी यश मिळवले आणि त्याच वर्षी क्लब आजच्या व्हिला पार्क मैदानावर गेला.

पण या यशाला दुसरी बाजूही होती. मूळ १२ पैकी अ‍ॅक्रिंग्टन क्लबला लीगचा वेग झेपला नाही. १८९३ मध्ये तो बाहेर पडला आणि काही वर्षांतच संपला. लीगला नाव देणारे सडेल यांची अखेर तर याहून दुःखद झाली. प्रेस्टनचा अजिंक्य संघ उभारण्यासाठी त्यांनी आपण सांभाळत असलेल्या गिरणीचा पैसा वापरल्याचे उघड झाले आणि १८९५ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला. खेळाडूंनाही लीगच्या स्थैर्याची किंमत मोजावी लागली. मोसम संपल्यावरही क्लबच्या परवानगीवाचून त्यांना दुसरीकडे जाता येत नसे. १९०१ पासून वेतनावर आठवड्याला चार पौंडांची मर्यादा आली. वेतनमर्यादा उठण्यास १९६१ साल उजाडले, तर खेळाडूंना जखडून ठेवणाऱ्या पद्धतीला १९६३ मध्ये न्यायालयाने तडाखा दिला. क्लबांना आधार देण्यासाठी जन्मलेल्या व्यवस्थेत खेळाडूचा विचार फार उशिरा झाला, हे मान्य करावे लागते.

मॅकग्रेगर यांनी स्वतः लीगमधून संपत्ती कमावली नाही. पदांचा भार त्यांनी काही वर्षांतच खाली ठेवला. १८९५ मध्ये लीगने त्यांना तहहयात सदस्यत्व दिले. पांढऱ्या दाढीचे हे गृहस्थ अखेरपर्यंत आपल्या दुकानात आणि व्हिलाच्या कारभारात रमले. २० डिसेंबर १९११ रोजी बर्मिंगहॅममध्ये त्यांचे निधन झाले. हँड्सवर्थ येथील सेंट मेरी चर्चच्या आवारात, तीन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या पत्नीच्या शेजारी, त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. १२ क्लबांनिशी सुरू झालेल्या लीगमध्ये तेव्हा दोन विभागांत मिळून ४० क्लब खेळत होते.

पुढे स्पेन व इटलीत १९२९ मध्ये आणि पश्चिम जर्मनीत १९६३ मध्ये राष्ट्रीय साखळी सुरू झाली. योगायोग असा की, लीग जन्माला आली त्याच १८८८ साली भारतात सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला आणि मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कप रंगू लागला. मात्र आपल्याकडे करंडकांचेच राज्य दीर्घकाळ राहिले. देशव्यापी साखळीसाठी १९९६ पर्यंत थांबावे लागले. त्या राष्ट्रीय लीगमध्ये पुढे गोव्याच्या साळगावकर व डेम्पोने आणि मुंबईच्या महिंद्र युनायटेडने विजेतेपद मिळवले.

इंग्लंडमध्ये १९९२ साली पहिल्या विभागातील २२ क्लब बाहेर पडले आणि प्रीमियर लीग जन्मली. दूरचित्रवाणीच्या पैशाने खेळाचे रूपच पालटले. समर लेनवरच्या दुकानदाराला हे आकडे ओळखीचे वाटले नसते. २००९ मध्ये व्हिला पार्कबाहेर मॅकग्रेगर यांचा पुतळा उभारण्यात आला. सामन्याच्या दिवशी हजारो प्रेक्षक त्याच्या समोरून आत जातात. सामना ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी आणि पूर्ण ताकदीच्या संघांमध्येच होणार, ही खात्री त्यांच्या मनात असते. प्रेक्षकाला ही खात्री देता यावी, यासाठीच तर मॅकग्रेगर यांनी ते पत्र लिहिले होते.