ज्याच्याकडे लायसन्स नव्हतं त्यानं शोधलेलं इंजिन नगरनं आकाशात पाठवलं

नगर म्हटलं की भुईकोट किल्ला, शिर्डी आणि साखर कारखाने आठवतात. पण याच नगरला डीआरडीओची व्हीआरडीई ही लष्करी वाहनांची प्रयोगशाळा आहे. एप्रिल 2009 मध्ये कर्नाटकातल्या कोलारजवळून ‘निशांत’ हे विनापायलट विमान उडालं. त्यातलं देशी इंजिन बंगळूरच्या एनएएल आणि एडीई या संस्थांनी नगरच्या व्हीआरडीईसोबत मिळून बनवलं होतं. वजन फक्त 30 किलोच्या आसपास. प्रकार, वांकेल इंजिन.

आता हा वांकेल कोण ?

फेलिक्स वांकेल. जन्म 13 ऑगस्ट 1902, जर्मनीतलं लार गाव. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. घरात पैसा नव्हता, त्यामुळे कॉलेज राहिलं. पोरगा पुस्तकांच्या प्रकाशकाकडे कामाला लागला. नजर इतकी अधू की गाडीचं लायसन्स त्यानं आयुष्यात कधी काढलं नाही. पण डोक्यात एकच विषय होता, वरखाली न होता गोल फिरणारं इंजिन. 1929 साली त्यानं त्याचं पहिलं पेटंट मिळवलं.

त्याच्या आयुष्याला एक काळी बाजूही आहे. तरुणपणीच तो नाझी पक्षात गेला. तिथल्या स्थानिक नेत्याशी वाजलं आणि 1933 मध्ये त्याला तुरुंगात जावं लागलं. तरी पुढं त्यानं नाझी सरकारसाठी विमानांच्या इंजिनांवर काम केलं, 1940 मध्ये एसएसमध्येही गेला आणि 1942 मध्ये तिथून त्याला काढलं. युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी त्याची कार्यशाळा मोडली आणि त्याला कैदेत टाकलं.

बाहेर आल्यावर त्यानं पुन्हा शून्यातून सुरुवात केली. 1951 मध्ये एनएसयू कंपनीशी करार झाला आणि 1 फेब्रुवारी 1957 ला त्याचं इंजिन पहिल्यांदा फिरलं.

या इंजिनात पिस्टन नसतो. तिकोनी रोटर एका घरात गोल फिरतो. भाग कमी, वजन कमी, ताकद जास्त. पण खरी गोम उष्णतेत होती.

साध्या इंजिनात ज्या सिलिंडरमध्ये आग पेटते, त्यातच थोड्या वेळानं थंड हवा येते. वांकेलमध्ये थंड हवा कायम एका बाजूला आणि आग कायम दुसऱ्या बाजूला. म्हणजे घराची एक बाजू तापून फुगते, दुसरी तेवढी फुगत नाही. आकार किंचित बिघडतो आणि रोटरच्या तीन टोकांवरच्या सील पट्ट्या झिजतात. 1967 मध्ये आलेल्या एनएसयूच्या आरओ 80 या गाडीची इंजिनं सीलमुळंच लवकर बसू लागली. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी मेटाकुटीला आली आणि 1969 मध्ये फोक्सवॅगनच्या हातात गेली.

विमानात हा खेळ आणखी अवघड होतो. छोट्या विमानाचं कुठलंही इंजिन घ्या. चढताना ते पूर्ण ताकदीनं तापलेलं असतं. खाली उतरताना थ्रॉटल एकदम कमी केला की आतली आग मंदावते आणि बाहेरून गार वारा मारतच राहतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं, वरचा थर आतल्या थराच्या आधी गार होतो. धातूवर ताण येतो. एकदा असं झालं तर काही बिघडत नाही, पण शेकडो वेळा झालं तर बारीक तडे जाऊ शकतात. गार इंजिन सुरू करून लगेच पूर्ण ताकद मागितली तरी तेच.

म्हणून जाणते पायलट इंजिन आधी तापू देतात आणि उतरताना ताकद टप्प्याटप्प्यानं कमी करतात. ‘निशांत’मध्ये पायलटच नव्हता, त्यामुळं हे सगळं इंजिनाच्या रचनेला आणि कंट्रोल सिस्टीमलाच सांभाळायचं होतं. नुसतं हलकं इंजिन बनवून भागत नाही, ते तापण्या-गार होण्यात टिकावं लागतं.

वांकेल 9 ऑक्टोबर 1988 ला गेला. पुढं गाड्यांमधून त्याचं इंजिन जवळपास हद्दपार झालं, पण जिथं एकेक किलो मोजून घ्यावा लागतो त्या ड्रोनमध्ये ते टिकलं. ज्या माणसानं कधी स्टिअरिंगसाठी लायसन्स काढलं नाही, त्याची कल्पना विमान घेऊन उडाली, आणि त्यात नगरचाही हात होता.